पर्ल हार्बरमध्ये जपानने नेमके काय गमावले?

१. प्रश्न कुठे आहे

दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास वाचताना एका ठिकाणी बहुतेक वाचक थबकतात. ७ डिसेंबर १९४१ या रविवारी सकाळी जपानी विमानांनी हवाई बेटांपैकी ओआहू बेटावरच्या पर्ल हार्बर या अमेरिकी नौदलतळावर हल्ला केला. सुमारे दोन तासांत बंदरातल्या आठही बॅटलशिपना, म्हणजे जाड चिलखताच्या आणि अवजड तोफांच्या युद्धनौकांना, कमीअधिक इजा झाली. त्यांतल्या चार बुडाल्या. २,४०३ माणसे मेली. जपानची विमाने गेली २९ आणि माणसे ६४. एवढ्या थोड्या किमतीत एवढे यश नौदलांच्या इतिहासात क्वचितच कोणाच्या वाट्याला आले असेल. मग ज्या देशाची सुरुवात अशी झाली, तो चार वर्षांच्या आत शरण कसा आला?

नेहमीचे उत्तर असे की अमेरिका फार मोठी होती, तिचे कारखाने अवाढव्य होते, जपानचा निभाव लागणे शक्यच नव्हते. हे खरे आहे, पण त्याने प्रश्न सुटत नाही. अमेरिकेचे आकारमान जपानी सेनापतींना ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. हल्ल्याची कल्पना ज्याची, तो ॲडमिरल यामामोतो इसोरोकु हार्वर्डमध्ये शिकलेला होता. वॉशिंग्टनच्या जपानी वकिलातीत त्याने काम केले होते, आणि अमेरिकेशी दीर्घ युद्ध झेपणार नाही हे तो आपल्या सरकारला सांगत आला होता. ज्यांना शत्रूचे बळ माहीत होते, त्यांनी जिंकण्याची आशा कशाच्या जोरावर धरली, हा खरा प्रश्न आहे. ती आशा कोणती हे समजले, की या हल्ल्याचे महत्त्व बुडालेल्या जहाजांच्या यादीत का सापडत नाही हेही समजते. माझे म्हणणे असे आहे की जपानकडे युद्ध संपवण्याची एकच वाट होती, आणि पर्ल हार्बरच्या यशाने तीच बंद केली.

२. तेल आणि तह

१९३७ पासून जपान चीनमध्ये लढत होता आणि त्या युद्धाला शेवट दिसत नव्हता. जुलै १९४१ मध्ये जपानी फौजा दक्षिण इंडोचीनमध्ये, म्हणजे आजच्या व्हिएतनामच्या दक्षिण भागात उतरल्या. उत्तरादाखल अमेरिकेने जपानची मालमत्ता गोठवली आणि ऑगस्टच्या सुरुवातीला तेलाचा पुरवठा थांबवला. जपान जे तेल वापरत होता त्याचा सुमारे चारपंचमांश भाग अमेरिकेतून येत होता. साठा फार तर दोन वर्षांचा, आणि मोठे युद्ध सुरू झाले तर त्याहूनही कमी काळाचा. चीनमधून माघार घेऊन अमेरिकेशी जुळवून घेणे हा एक मार्ग होता. दुसरा मार्ग होता डच ईस्ट इंडीजमधल्या, म्हणजे आजच्या इंडोनेशियातल्या सुमात्रा आणि बोर्निओच्या तेलविहिरी ताब्यात घेण्याचा. लष्कराला पहिला मार्ग अपमानाचा वाटला. दुसऱ्या मार्गाच्या कडेला अमेरिकेच्या ताब्यातले फिलिपीन्स होते, आणि मे १९४० पासून अमेरिकेचा ताफा कॅलिफोर्निया सोडून पर्ल हार्बरला येऊन बसला होता.

यामामोतोचा हिशेब असा की पहिल्याच दिवशी हा ताफा लंगडा करायचा, त्या अवधीत दक्षिणेचे तेल, रबर आणि कथील हाती घ्यायचे, आणि पॅसिफिकमधल्या बेटांची तटबंदी उभी करायची. ती तटबंदी फोडायला लागणारे रक्त आणि पैसा पाहून अमेरिका कंटाळेल आणि वाटाघाटीला बसेल. म्हणजे योजनेतले शेवटचे पाऊल जपानने टाकायचे नव्हतेच. ते अमेरिकेने टाकायचे होते. वॉशिंग्टनवर चालून जाण्याची ताकद जपानकडे नव्हती आणि तसा विचारही कोणी केला नव्हता.

ही आशा हवेतून आलेली नव्हती. ८ फेब्रुवारी १९०४ च्या रात्री जपानी विनाशिकांनी मांचुरियातल्या पोर्ट आर्थर या रशियन नौदलतळावर पाणतीरांचा, म्हणजे टॉर्पेडोंचा, अचानक हल्ला केला होता. युद्धाची रीतसर घोषणा झाली त्यानंतर. रशियाची तीन मोठी जहाजे जायबंदी झाली, पण तिन्ही पुढे दुरुस्त झाली. दीड वर्ष युद्ध चालले, रशियात क्रांतीची धग लागली, झारचे सरकार थकले आणि अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या मध्यस्थीने पोर्ट्समथ येथे तह झाला. रशियाचा चुराडा झाला नव्हता, तरी जपान जिंकला होता. त्याच युद्धातल्या त्सुशिमाच्या लढाईत तरुण यामामोतोने हाताची दोन बोटे गमावली होती. अचानक घाव घालायचा, लढत राहायचे, समोरचा दमला की तह करायचा: जपानी नौदलाच्या एका पिढीने विजयाची ही रीत स्वतः पाहिलेली होती. १९४१ ची योजना तिच्यावरच बेतलेली होती.

३. उथळ पाण्यातला पाणतीर

हल्ल्याचे तंत्र समजून घ्यायला एक अडचण आधी लक्षात घ्यावी लागेल. पाणतीर जहाजाच्या चिलखताखाली, पाण्याच्या पातळीच्या खाली लागतो म्हणून तो घातक. पण विमानातून सोडलेला पाणतीर विहिरीच्या काठावरून सूर मारणाऱ्या पोराप्रमाणे आधी खोल जातो आणि मग वर येऊन सरळ चालू लागतो. विहिरीत पाणी कमी असेल तर डोके तळाला आपटणार. पर्ल हार्बरचे पाणी होते सुमारे १२ मीटर खोल, आणि नेहमीच्या पद्धतीने टाकलेला पाणतीर याच्या दुप्पट खोल जाई. त्यामुळे बंदरात उभी असलेली जहाजे या शस्त्रापासून सुरक्षित आहेत असा समज होता.

तो समज ११ नोव्हेंबर १९४० च्या रात्री इटलीतल्या तारांतो बंदरात मोडला. ब्रिटिशांच्या ‘इलस्ट्रियस’ या एकाच विमानवाहू नौकेवरून २१ ‘स्वोर्डफिश’ विमाने उडाली. कापड मढवलेली, दोन मजली पंखांची, संथ आणि जुनाट दिसणारी विमाने. त्यांनी इटलीच्या तीन बॅटलशिप पाणतीरांनी निकामी केल्या, आणि ब्रिटिशांनी विमाने गमावली दोन. तारांतोचे पाणीही उथळच होते. जपानी नौदलाने या हल्ल्याचा बारकाईने अभ्यास केला. यामामोतोच्या मनात योजना आधीपासून घोळत असावी, पण ती शक्य आहे याचा पुरावा तारांतोने दिला. जपान्यांनी पाणतीराला लाकडी पंख जोडून तो फार खोल जाणार नाही अशी सोय केली, आणि वैमानिकांनी कागोशिमाच्या खाडीवर अगदी खालून उडण्याचा सराव केला. जाड पोलादी डेक फोडण्यासाठी बॅटलशिपच्या तोफगोळ्यांचेच बॉम्ब बनवले गेले.

२६ नोव्हेंबरला व्हाइस ॲडमिरल नागुमो चुइचीच्या हाताखाली सहा विमानवाहू नौका कुरिल बेटांमधून निघाल्या. उत्तर पॅसिफिकच्या खवळलेल्या, रहदारी नसलेल्या भागातून, रेडिओ बंद ठेवून, त्या ओआहूच्या उत्तरेला पोहोचल्या. तिथून दोन लाटांत सुमारे ३५० विमाने सुटली. ‘ॲरिझोना’ या बॅटलशिपच्या पुढच्या दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट झाला आणि तिच्यावरची १,१७७ माणसे मेली. त्या दिवसाच्या एकूण मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे या एका जहाजावरचे.

४. काय बुडाले, काय उरले

आता हिशेब मांडू. आठ बॅटलशिपपैकी सहा पुन्हा लढायला गेल्या. ‘ॲरिझोना’ आणि ‘ओक्लाहोमा’ या दोनच कायमच्या गेल्या. याचे कारण तेच उथळ पाणी. बंदरात बुडालेले जहाज म्हणजे चिखलात बसलेले जहाज. पाणबुडे खाली उतरले, भोके बुजवली, पाणी उपसले, आणि ‘कॅलिफोर्निया’, ‘वेस्ट व्हर्जिनिया’, ‘नेवाडा’ पुन्हा तरंगल्या. हाच ताफा खुल्या समुद्रात गाठला गेला असता तर ती जहाजे हजारो मीटर खोल गेली असती आणि त्यांच्यावरचे बहुतेक खलाशीही. पुढे ताफ्याची सूत्रे हाती घेणाऱ्या ॲडमिरल चेस्टर निमिट्झचे मतही असेच होते.

पॅसिफिक ताफ्याच्या तिन्ही विमानवाहू नौका त्या दिवशी बंदरात नव्हत्या. ‘एंटरप्राइझ’ आणि ‘लेक्सिंग्टन’ दूरच्या बेटांवर विमाने पोहोचवण्याच्या कामावर होत्या, ‘सॅराटोगा’ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर होती. हा अमेरिकेच्या नशिबाचा भाग. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तळ स्वतः जवळजवळ शाबूत राहिला. उघड्यावर उभ्या असलेल्या टाक्यांमधले सुमारे ४५ लाख पिंपे तेल पेटले नाही. पाणबुड्यांच्या तळाला धक्का लागला नाही. ड्राय डॉक, म्हणजे पाणी उपसून जहाजाचा तळ दुरुस्त करण्याची गोदी, तिच्यावर बॉम्ब पडले तरी ती निकामी झाली नाही. आणि एका तळघरात बसून जपानी सांकेतिक लिपी उलगडणारे कमांडर जोसेफ रोशफोर्टचे पथकही सुखरूप राहिले.

याचा परिणाम सहा महिन्यांत दिसला. मे १९४२ मध्ये कोरल समुद्राच्या लढाईत जखमी झालेली ‘यॉर्कटाउन’ ही विमानवाहू नौका पर्ल हार्बरला आली. तिची दुरुस्ती पुरती करायची तर फार काळ लागला असता. कामगारांनी त्याच गोदीत तीनेक दिवसांत तिला लढण्यापुरती उभी केली. रोशफोर्टच्या पथकाने जपानचे पुढचे लक्ष्य मिडवे बेट आहे हे आधीच हुडकले होते. ४ जूनला सुरू झालेल्या मिडवेच्या लढाईत जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या: ‘आकागी’, ‘कागा’, ‘सोर्यू’ आणि ‘हिर्यू’. पर्ल हार्बरवर आलेल्या सहापैकी या चार. आणि त्यांतली ‘सोर्यू’ बुडवली ती दुरुस्त होऊन आलेल्या ‘यॉर्कटाउन’च्या विमानांनी. राहिला पाणबुड्यांचा तळ. युद्धात बुडालेल्या जपानी व्यापारी जहाजांच्या एकूण टनभारापैकी निम्म्याहून अधिक अमेरिकी पाणबुड्यांनी बुडवला. त्यात तेलवाहू जहाजे मोठ्या संख्येने होती. ज्या तेलासाठी युद्ध पुकारले, ते जिंकूनही घरी नेता येईना, अशी जपानची स्थिती झाली.

इथे एक आक्षेप हमखास येतो. नागुमोने तिसरी लाट पाठवून तेलाच्या टाक्या आणि गोदी उद्ध्वस्त केली असती तर युद्ध जपानने जिंकले असते, असे अनेक पुस्तकांत सुचवलेले असते. आक्षेपात तथ्य आहे, पण जेवढे वाटते तेवढे नाही. पहिल्या लाटेत जपानची ९ विमाने पडली, दुसऱ्या लाटेत २०, म्हणजे बचाव जागा झाला होता. तिसरी लाट परत येईपर्यंत अंधार पडला असता. अमेरिकेच्या विमानवाहू नौका कुठे आहेत हे नागुमोला माहीत नव्हते. त्याचा निर्णय भित्रेपणाचा होता असे म्हणणे अन्यायाचे आहे. समजा टाक्या जळाल्या असत्या, तर ओआहूला तेल पुन्हा सुमारे चार हजार किलोमीटरवरून आणावे लागले असते आणि अमेरिकेची चढाई कित्येक महिने लांबली असती. पण अमेरिकेच्या संसदेने नौदलाच्या प्रचंड विस्ताराचा कायदा हल्ल्याच्या दीड वर्ष आधी, जुलै १९४० मध्येच मंजूर केला होता. त्यानंतर युद्ध संपेपर्यंत ‘एसेक्स’ वर्गाच्या १७ मोठ्या आणि ‘इंडिपेंडन्स’ वर्गाच्या ९ लहान विमानवाहू नौका ताफ्यात आल्या. १७ आणि ९, एकूण २६. पर्ल हार्बरवर जपानने आणल्या होत्या सहा. टाक्या जळाल्या असत्या तरी दूरच्या कारखान्यांतली ही कामे थांबली नसती. तिसऱ्या लाटेने जपानला आणखी काही महिने मिळाले असते, तह मिळाला नसता.

५. जे पुन्हा तरंगवता आले नाही

तह का मिळाला नसता, याचे उत्तर बंदरात मिळत नाही. त्यासाठी त्या वर्षाची अमेरिका पाहावी लागते. १२ ऑगस्ट १९४१ रोजी सक्तीच्या लष्करी भरतीची मुदत वाढवण्याचे विधेयक अमेरिकी प्रतिनिधिगृहात आले. ते २०३ विरुद्ध २०२ मतांनी, म्हणजे एका मताने, मंजूर झाले. फ्रान्स पडून वर्ष उलटले होते, हिटलरच्या फौजा रशियात खोल घुसल्या होत्या, तरी ही स्थिती. प्रख्यात वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग गावोगावी सभा घेऊन युद्धापासून दूर राहा असे सांगत होता आणि लोक गर्दी करत होते. ३१ ऑक्टोबरला जर्मन पाणबुडीने ‘रुबेन जेम्स’ ही अमेरिकी विनाशिका बुडवली आणि सुमारे शंभर खलाशी मेले. तरीही अमेरिका युद्धात उतरली नाही.

पाच आठवड्यांनंतर, ८ डिसेंबरला, जपानविरुद्ध युद्ध पुकारण्याचा ठराव त्याच संसदेपुढे आला. सेनेटमध्ये ८२ विरुद्ध ०. प्रतिनिधिगृहात ३८८ विरुद्ध १, आणि ते एक मत होते आयुष्यभर युद्धविरोधी राहिलेल्या जेनेट रँकिन यांचे. लिंडबर्गच्या ‘अमेरिका फर्स्ट’ समितीने काही दिवसांतच गाशा गुंडाळला. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना दोन वर्षे जे साधले नव्हते, ते नागुमोच्या विमानांनी एका सकाळी साधून दिले.

यात रागाचा भाग मोठा, आणि त्या रागाला एक खास धार होती. रविवारची सकाळ, वॉशिंग्टनमध्ये वाटाघाटी चालू, आणि जपानी राजदूतांनी बोलणी संपल्याचे पत्र अमेरिकी परराष्ट्रमंत्र्यांच्या हाती ठेवले ते पहिला बॉम्ब पडल्यावर तासाभराने. वकिलातीत मजकूर उलगडून टंकलिखित करायला उशीर झाला. हा उशीर टळला असता तर संताप कमी झाला असता असे काही जण मानतात. मला ते पटत नाही. त्या पत्रात युद्धाची घोषणा नव्हतीच. आणि ज्या योजनेचे सगळे यश समोरच्याला बेसावध गाठण्यावर उभे आहे, तिच्यात अर्ध्या तासाची पूर्वसूचना ही सौजन्याची बाब ठरली नसती. पोर्ट आर्थरनंतर, १९०७ च्या हेग परिषदेत, आगाऊ इशाऱ्याशिवाय युद्ध सुरू करू नये असा करार झाला होता. तो करार जपानच्या आधीच्या हल्ल्यामुळेच जगाला सुचला होता.

यावर गंभीर आक्षेप असा की अमेरिका आज ना उद्या युद्धात उतरणारच होती. ब्रिटनला शस्त्रे जात होती, अटलांटिकमध्ये अघोषित युद्ध चालू होते, फिलिपीन्सवरून जपानशी गाठ पडणारच होती. हे मला मान्य आहे. पण कोणत्या अमेरिकेशी गाठ पडली असती? समजा जपानने केवळ मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतले असते. तेव्हा रूझवेल्ट यांना ब्रिटिश आणि डच वसाहतींसाठी आपली मुले पाठवा असे म्हणत एका मताच्या बहुमताच्या संसदेपुढे उभे राहावे लागले असते. तसे युद्ध कदाचित सुरू झालेही असते, पण त्याला पहिल्या दिवसापासून विरोधक असते, आणि ‘पुरे झाले, तह करा’ म्हणणारा पक्ष दर पराभवागणिक वाढला असता. जपानला हवी होती ती नेमकी हीच अमेरिका. पर्ल हार्बरने ती नाहीशी केली. जानेवारी १९४३ मध्ये कासाब्लांका परिषदेत रूझवेल्ट यांनी बिनशर्त शरणागतीची मागणी जाहीर केली, तेव्हा अमेरिकेत तिला मोठा विरोध उरलेला नव्हता. १९०५ चा पोर्ट्समथ तह पुन्हा होण्याची शक्यता तिथे संपली.

‘झोपलेल्या राक्षसाला आपण जागे केले’ हे वाक्य यामामोतोच्या नावावर सर्रास सांगितले जाते. ते त्याने म्हटल्याचा पुरावा नाही. १९७० च्या ‘तोरा! तोरा! तोरा!’ या चित्रपटातून ते लोकांच्या तोंडी बसले. आणि मला ते तितकेसे अचूकही वाटत नाही. जहाजांची मागणी १९४० मध्येच नोंदवणारा देश झोपलेला नव्हता. तो विभागलेला होता, आणि जपानच्या उपयोगाची गोष्ट ती फूटच होती.

या हल्ल्याचा दूरचा परिणाम आणखी एका राजधानीत झाला. ११ डिसेंबरला हिटलरने अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारले. जर्मनी, इटली आणि जपान यांच्यातल्या त्रिपक्षीय करारानुसार जपानने स्वतः केलेल्या हल्ल्यासाठी तसे करायला तो बांधील नव्हता. त्या एका घोषणेने आशियातले आणि युरोपातले युद्ध एकमेकांत गुंतले.

६. इशारे होते, मग कळले कसे नाही

सामान्य वाचकाचा दुसरा ठरलेला प्रश्न: रूझवेल्ट यांना आधी माहीत होते का? ज्यांना तसे वाटते त्यांच्या हाती बरीच सामग्री आहे, आणि ती खोटी नाही. ७ फेब्रुवारी १९३२ रोजी, तोही रविवारच होता, अमेरिकी नौदलाच्याच सरावात ॲडमिरल हॅरी यार्नेलने दोन विमानवाहू नौकांवरून पर्ल हार्बरवर पहाटे लुटुपुटीचा यशस्वी हल्ला केला होता. जानेवारी १९४१ मध्ये नौदलमंत्री फ्रँक नॉक्स यांनी पर्ल हार्बरवर अचानक हवाई हल्ल्याचा धोका लेखी मांडला. जूनमध्ये वॉशिंग्टनने कळवले की उथळ पाणी म्हणजे पाणतीरांपासून अभय असे समजू नका. जपानची राजनैतिक सांकेतिक लिपी अमेरिकेला वाचता येत होती. २७ नोव्हेंबरला हवाईच्या सेनापतींना युद्धाचा इशाराही गेला होता.

त्या सकाळचीच गोष्ट घ्या. पावणेसातच्या सुमारास ‘वॉर्ड’ या विनाशिकेने बंदराच्या तोंडाशी एक छोटी जपानी पाणबुडी बुडवली आणि तसे कळवले. वरच्या कार्यालयांत खातरजमा चालू राहिली. सात वाजून गेल्यावर ओपाना येथील रडारवरच्या दोन सैनिकांना उत्तरेकडून विमानांचा मोठा थवा येताना दिसला. कॅलिफोर्नियाहून अमेरिकेची बी-१७ विमाने त्याच वेळी यायची होती, म्हणून कर्तव्यावरच्या अधिकाऱ्याने काळजी करू नका असे सांगितले. वॉशिंग्टनहून सेनाप्रमुख जॉर्ज मार्शल यांनी शेवटचा इशारा पाठवला, पण लष्करी रेडिओ हवाईशी जुळत नव्हता म्हणून तो खाजगी कंपनीच्या तारेने गेला आणि हल्ला संपल्यावर पोहोचला.

हे सगळे एकत्र वाचले की कोणीतरी मुद्दाम डोळे मिटले असावेत असे वाटते. पण आपण ते एकत्र वाचतो, कारण शेवट आपल्याला ठाऊक आहे. त्या माणसांपुढे हे कागद शेकडो इतर कागदांत मिसळून येत होते आणि त्यांतले बहुसंख्य फिलिपीन्स, मलाया, थायलंडकडे बोट दाखवत होते. ते चुकीचेही नव्हते. जपान त्याच दिवशी तिथेही चालून गेला. अमेरिकी इतिहासकार रॉबर्टा वोलस्टेटर यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात हीच गोष्ट दाखवली की उणीव माहितीची नव्हती. खरा इशारा आणि भोवतीचा गोंगाट वेगळा काढण्याची सोय कोणाकडेच नव्हती. शिवाय लिपी वाचली जात होती ती राजदूतांची. नौदलाची लिपी तेव्हा पुरती उलगडलेली नव्हती आणि राजदूतांना हल्ल्याची कल्पना दिलेलीच नव्हती. कटाच्या कल्पनेला आणखी एक साधे उत्तर आहे. युद्धात उतरण्यासाठी निमित्त हवे असते तर हल्ला होणे पुरेसे होते, ताफा बेसावध ठेवण्याची गरज नव्हती. सज्ज ताफ्यावर झालेल्या हल्ल्यानेही तेच निमित्त मिळाले असते.

युद्धानंतर अमेरिकी संसदेच्या संयुक्त समितीने दीर्घ चौकशी केली. सैन्य, नौदल आणि परराष्ट्र खाते यांच्यात विखुरलेली माहिती एका जागी आणण्याचा विचार त्यातून बळावला, आणि १९४७ च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याने सीआयए स्थापन झाली.

७. संशयाची किंमत

हवाईतल्या भूसेनेचे प्रमुख जनरल वॉल्टर शॉर्ट यांना हवाई हल्ल्यापेक्षा घातपाताची भीती अधिक होती. बेटांवर राहणाऱ्यांपैकी एकतृतीयांशाहून अधिक लोक जपानी वंशाचे होते. कोणी रात्री येऊन विमानांची मोडतोड करू नये म्हणून त्यांनी विमाने धावपट्टीवर पंखाला पंख लावून उभी करवली, पहाऱ्याला सोपी जावीत म्हणून. जपानी वैमानिकांना ती तितकीच सोपी गेली. सुमारे १८८ अमेरिकी विमाने नष्ट झाली, बहुतेक जमिनीवरच. ज्यांच्या भीतीने हे केले, त्या रहिवाशांकडून घातपाताचा एकही प्रकार सिद्ध झाला नाही. तळाची माहिती टोकियोला कळवत होता तो योशिकावा ताकेओ हा होनोलुलूच्या जपानी वकिलातीत कारकून म्हणून वावरणारा नौदलाचा माणूस.

एवढे होऊनही तोच संशय पुढे धोरण बनला. १९ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशाने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरे, शेते, दुकाने सोडून काटेरी कुंपणाच्या छावण्यांत जावे लागले. त्यांतले दोनतृतीयांश अमेरिकेचे जन्मसिद्ध नागरिक होते. ज्या हवाईत हल्ला झाला, तिथे मात्र लष्करी कायदा लागू असूनही अशी सरसकट उचलबांगडी झाली नाही, कारण या लोकांशिवाय बेटांचे कामकाजच थांबले असते. गरज पडली तिथे संशय बाजूला ठेवता आला, यावरून तो किती पोकळ होता हे दिसते. १९८८ मध्ये कायदा करून अमेरिकेने माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. पर्ल हार्बरच्या परिणामांत बॅटलशिपच्या बरोबरीने ही गोष्ट मोजली पाहिजे. बाहेरून बसलेल्या अचानक घावानंतर देश आपल्याच माणसांवर उलटू शकतो, याचे हे लेखी, कबूल केलेले उदाहरण आहे.

८. कोलंबो, मुंबई, कराची

बंदरावर अचानक हल्ल्याची हीच रीत जपानने पुढे आपल्या शेजारीही वापरली: नागुमोचा ताफा एप्रिल १९४२ मध्ये हिंदी महासागरात आला. ५ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, पाच विमानवाहू नौकांवरच्या विमानांनी कोलंबोवर हल्ला केला. पण ब्रिटिशांना या वेळी आधी सुगावा लागला होता. ॲडमिरल जेम्स सोमरव्हिल यांनी मुख्य ताफा बंदरातून काढून दूर मालदीवच्या टोकाला नेला होता. खुल्या समुद्रात सापडलेल्या दोन क्रूझर आणि ‘हर्मिस’ ही विमानवाहू नौका बुडाल्या, पण दुसरे पर्ल हार्बर घडले नाही. सोमरव्हिल यांच्या ताफ्यातला वेगवान भाग नंतर मुंबईला आला आणि संथ बॅटलशिप आफ्रिकेच्या किनाऱ्याला गेल्या. त्याच दिवसांत विशाखापट्टणम आणि काकीनाडा इथेही जपानी बॉम्ब पडले.

तळावरच्या हल्ल्याचे भारतीय वाचकाच्या ओळखीचे उदाहरण १९७१ चे. ४ डिसेंबरच्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या भारतीय क्षेपणास्त्र नौका कराचीच्या जवळ गेल्या आणि ‘खैबर’ ही विनाशिका बुडवली. त्या आणि ८ डिसेंबरच्या रात्रीच्या हल्ल्याने, तसेच हवाई दलाच्या बॉम्बफेकीने, कराचीचे केमारी येथील तेलसाठे पेटले. म्हणूनच ४ डिसेंबर हा आपला नौदल दिन. पर्ल हार्बरशी याची तुलना करताना फरक नीट पाहायला हवा. युद्ध आदल्या दिवशीच, पाकिस्तानच्या हवाई हल्ल्यांनी, सुरू झाले होते, त्यामुळे विश्वासघाताचा आरोप होण्याचा प्रश्न नव्हता. आणि कराचीचा घाव हा पाकिस्तान कधीतरी कंटाळून बोलणी करेल या आशेवर घातलेला नव्हता. निकाल पूर्वेकडे, जमिनीवर लागायचा होता आणि तो भारताच्या आवाक्यात होता. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्य शरण आले.

जपानच्या हाती असा निकाल कधीच नव्हता. २५ ऑक्टोबर १९४४ च्या पहाटे फिलिपीन्सजवळ सुरिगावच्या सामुद्रधुनीत जपानी बॅटलशिप ‘यामाशिरो’ बुडाली. तिच्या वाटेत उभ्या असलेल्या सहा अमेरिकी बॅटलशिपपैकी पाच पर्ल हार्बरमध्ये मार खाल्लेल्या होत्या. त्यांतली ‘वेस्ट व्हर्जिनिया’ २ सप्टेंबर १९४५ रोजी, शरणागतीवर सह्या झाल्या तेव्हा, टोकियोच्या उपसागरात हजर होती.